परगावी चांगलं जेवण कसं शोधावं

दुपारचे अडीच वाजलेत, पाय दुखतायत, बरोबरची माणसं चिडचिड करायला लागलीत आणि त्या प्रसिद्ध वास्तूच्या दारातच एक हॉटेल आहे. सहा भाषांतलं मेन्यूकार्ड, प्रत्येक पदार्थाचा चकचकीत फोटो आणि बाहेर ‘या, या’ करत उभा असलेला माणूस. आपण आत शिरतो. जेवण अगदी वाईट असतं असं नाही. कोमट, मऊ आणि कशाचीच चव नसलेलं असतं, एवढंच. झणझणीत असतं ते फक्त बिल.

यात नशिबाचा काही दोष नाही. त्या मालकाचा हिशेब सरळ आहे: समोरचं गिऱ्हाईक आयुष्यात पुन्हा येणार नाही, ते खूश होऊन गेलं काय आणि नाराज होऊन गेलं काय, उद्या नवी बस येणारच. शिवाय मोक्याच्या जागेचं भाडं द्यायचं असतं आणि ते कुठून तरी काढावं लागतं. तेच चार गल्ल्या आत गेलात तर तिथलं हॉटेल रोजच्या लोकांवर चालतं. एक दिवस मीठ जास्त पडलं तर दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर येऊन ऐकवणारे लोक. तेव्हा शोधायचं काय, तर तीच ती माणसं पुन्हा पुन्हा कुठे जेवायला जातात ते. पुढे सांगतोय ते सगळे त्याचा माग काढायचे मार्ग आहेत.

(जाता जाता एक. मराठीत आपण जेवायच्या जागेला बिनधास्त ‘हॉटेल’ म्हणतो. परदेशात टॅक्सीवाल्याला ‘चांगलं हॉटेल’ विचारलंत तर तो तुम्हाला राहायच्या जागेपाशी नेऊन सोडेल. तिथे रेस्टॉरंट म्हणा. या लेखात मात्र हॉटेल म्हणजे जेवायची जागा.)

निघण्यापूर्वी अर्धा तास

घरी बसून तीन गोष्टी काढून ठेवा: त्या शहरात लोक काय खातात, किती वाजता खातात आणि हॉटेलं कुठल्या वारी बंद असतात. पहिलं सगळेच बघतात, पुढच्या दोन गोष्टींकडे कोणी बघत नाही. कितीतरी शहरांत दुपारचं जेवण संपलं की स्वयंपाकघर बंद होतं ते थेट रात्री उघडतं. मधल्या वेळेत उघडं काय असतं, तर पर्यटकांसाठीचं. म्हणजे चुकीच्या वेळी भूक लागली की तुम्ही आपोआप चुकीच्या हॉटेलात जाता. घरची माणसं चालवतात ती हॉटेलं आठवड्यातून एखादा दिवस बंद असतात आणि सणासुदीला तर आठवडाभरही. तिथल्या लोकांच्या जेवणाच्या वेळेआधी अर्धा तास पोचलात तर जागा मिळते, ताजं मिळतं आणि वेटरला तुमच्याशी बोलायला वेळही असतो.

पदार्थांची नावं तिथल्या लिपीत टिपून घ्या आणि नकाशावर शोधताना तीच चिकटवा. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण एवढ्यानेच बराच फरक पडतो. इंग्रजीत ‘सर्वोत्तम रेस्टॉरंट’ असं शोधलंत तर इंग्रजीत लिहिणाऱ्यांना आवडलेल्या जागा वर येतात. स्थानिक लिपीत एका पदार्थाचं नाव टाकलंत तर भलतीच यादी समोर येते, आणि बहुतेक वेळा तीच जास्त खरी असते.

कुठलं ॲप वापरायचं हेही शहरावर ठरतं. चीनमध्ये गुगलच्या सेवा सरळ चालत नाहीत; तिथले लोक २००३ साली शांघायमध्ये सुरू झालेलं ‘द्यानपिंग’ बघतात. दक्षिण कोरियात रस्ता शोधायला नेव्हर आणि काकाओचे नकाशे वापरतात. जपानमध्ये २००५ पासून ‘ताबेलॉग’ आहे आणि तिथलं रेटिंग आपल्या डोळ्यांना फार कंजूष वाटतं. बहुतेक हॉटेलं पाचपैकी तीनच्या आसपास असतात आणि साडेतीन मिळालं म्हणजे जागा खरोखर चांगली. हे माहीत नसलेला माणूस ३.५ बघून नाक मुरडतो आणि पुढे जातो. तेव्हा आकडा वाचण्याआधी त्या गावात तो किती सढळ हाताने वाटतात ते बघा.

शेवटी, फिरायचं ठरलेल्या प्रत्येक भागात दोन-तीन नावं नकाशावर जतन करा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. माझा एकच कडक नियम आहे: भूक लागल्यावर शोधायला बसायचं नाही. भुकेला माणूस फोनवर जे पहिलं दिसेल ते निवडतो.

नकाशावर कुठे बघायचं

कचेऱ्या, विद्यापीठ, मोठं सार्वजनिक रुग्णालय, न्यायालय, घाऊक बाजार, रेल्वेचं यार्ड. अशा ठिकाणी रोज हजारो माणसांना तासाभरात, परवडेल असं आणि रोज खाता येईल असं जेवण लागतं. म्हणून दुपारी तिकडे वळा. रात्री हाच भाग ओस पडतो, तेव्हा लोक राहतात त्या वस्तीत जा: शाळा, किराणा, केशकर्तनालय, दवाखाना जवळजवळ दिसतात अशा भागात.

प्रेक्षणीय स्थळापासून किती लांब जायचं याचं ठोस उत्तर नाही, पण मी दोन वळणं धरतो. मुख्य रस्त्यावरून एक वळण, मग दुसरं. दोन वळणांत आठवणवस्तूंची दुकानं संपली आणि चपला दुरुस्त करणारा दिसला, तर दिशा बरोबर.

तारे, आकडे आणि रिव्ह्यू

जगातली सगळ्यात नावाजलेली खाद्य-मार्गदर्शिका एका टायर कंपनीने काढली. १९०० साली मिशेलिनने फ्रान्समधल्या मोटारवाल्यांना ती फुकट वाटली. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजणार, हा साधा धंदा. तारे आले १९२६ मध्ये, दोन आणि तीन ताऱ्यांची भर १९३१ मध्ये पडली. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे तेवढ्यासाठीच प्रवास करावा असं. व्याख्याच प्रवाशाच्या सोयीची आहे. पण रोजच्या जेवणासाठी मला तिचे तारे उपयोगाचे वाटत नाहीत. १९९७ पासून तीच मार्गदर्शिका ‘बिब गुरमाँ’ नावाची वेगळी खूण देते, माफक पैशात चांगलं जेवण देणाऱ्या जागांसाठी. शहरात ती यादी असेल तर आधी ती उघडा.

आता फोनवरचे रिव्ह्यू. ते खोटे का लिहिले जातात हे कळलं की वाचायचे कसे तेही कळतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास केला. येल्प या रिव्ह्यूच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं, आणि हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांपुरताच होता, साखळी हॉटेलांवर दिसला नाही. एवढा पैसा एका ताऱ्यात असेल तर तारे विकत घेणारे निघणारच. २०१७ मध्ये लंडनच्या एका पत्रकाराने तर आपल्या बागेतल्या शेडची ‘रेस्टॉरंट’ म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंद केली आणि मित्रांकडून रिव्ह्यू लिहवून घेत काही महिन्यांत ती शहरात पहिल्या क्रमांकावर नेली. तिथे तोवर कोणी जेवलंच नव्हतं! पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बनावट रिव्ह्यू विकणं-विकत घेणं यावर बंदीचा नियम आणला. नियमाने सगळं थांबेल या भरवशावर मात्र बसू नका.

मी काय करतो ते सांगतो. आधी रेटिंग नाही, संख्या बघतो. ४.९ आणि रिव्ह्यू २३, यापेक्षा ४.३ आणि रिव्ह्यू १२०० मला भरवशाचं वाटतं. तेवीस जण मालकाचे मेहुणे-पाहुणे असू शकतात, बाराशे नाही. मग क्रम बदलून सगळ्यात नवे रिव्ह्यू वर आणतो, कारण आचारी सोडून गेला की हॉटेल महिन्याभरात बदलतं आणि सरासरीला ते कळायला वर्ष लागतं. पाच तारेवाले आणि एक तारावाले बाजूला ठेवतो. पहिले भारावलेले असतात, दुसरे भांडून आलेले. तीन-चार तारे देणारा माणूस बहुधा खरं बोलतो: ‘सूप उत्तम, बाकी ठीक, बसायला जागा अडचणीची.’ यावरून मी सूप मागवतो आणि मोठी बॅग खोलीवर ठेवून जातो.

एक तारा देणाऱ्यांची तक्रार कशाची आहे तेही बघण्यासारखं असतं. ‘इंग्रजी येत नाही’, ‘रांग फार’, ‘मेन्यूत चारच पदार्थ’, ‘आठ वाजता सगळं संपलं होतं’ या तक्रारी मी कौतुक म्हणून वाचतो. ‘पोट बिघडलं’ असं तीन वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलं असेल तर मात्र तिकडे फिरकत नाही.

रिव्ह्यू कुठल्या भाषेत आहेत हे सर्वांत महत्त्वाचं. ॲप भाषांतर करून दाखवतं, पण खाली ‘भाषांतरित’ अशी खूण असते. बहुतेक रिव्ह्यू स्थानिक भाषेतले असतील आणि त्यात ‘नेहमीप्रमाणे’, ‘लहानपणापासून’, ‘मालक बदलले तरी’ असे शब्द येत असतील, तर परत येणारं गिऱ्हाईक सापडलं. फोटोही ग्राहकांनी टाकलेलेच बघा, मालकाने टाकलेले नकोत. वाकडा, अंधारा, अर्ध्या खाल्लेल्या ताटाचा फोटो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. ताटाचा आकार, मेन्यूतले भाव, आजूबाजूच्या टेबलावरची माणसं, सगळं त्यात दिसतं. गुगलच्या नकाशावर बऱ्याच ठिकाणी तासागणिक गर्दीचा आलेखही असतो. तो फक्त शनिवार-रविवारी उंच जात असेल तर ती फिरायला येणाऱ्यांची जागा; मंगळवारी दुपारीही उंच असेल तर रोजच्यांची.

विचारायचं कोणाला आणि कसं

‘इथे जवळ चांगलं जेवण कुठे मिळेल?’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारत आलो आणि वर्षानुवर्षं फसलो. त्यात लोकांचा दोष नव्हता. असा प्रश्न आला की समोरचा माणूस आपल्याकडे बघतो, पाहुणा आहे हे ओळखतो, आणि पाहुण्याला शोभेल अशी जागा सांगतो: स्वच्छ, महाग, आणि जिथे तो स्वतः कधी जात नाही.

एकदा उतरलो होतो त्या लॉजच्या काउंटरवरच्या मुलाने असंच एक छापील कार्ड पुढे केलं. कार्डामागे पेनाने खोली क्रमांक लिहिलेला. म्हणजे तिथे गेलो की याचं कमिशन ठरलेलं. मी कार्ड खिशात टाकलं आणि विचारलं, “काल दुपारी तुम्ही स्वतः कुठे जेवलात?” तो जरा गडबडला. “मी? माझं काय, आम्ही इथे मागेच जातो. तुम्हाला नाही आवडणार.”

“का नाही आवडणार?”

“बसायला बाकडी आहेत. आणि एकच पदार्थ.”

मागच्या गल्लीतली ती बाकडी त्या प्रवासातलं सगळ्यात चांगलं जेवण देऊन गेली. तेव्हापासून मी ‘चांगलं’ हा शब्दच वगळलाय. काल तुम्ही कुठे जेवलात? पगार झाला की घरच्यांना कुठे नेता? आई गावाहून आली की काय खायला घालता? याची उत्तरं आठवणीतून द्यावी लागतात, म्हणून ती खरी असतात. ‘तुम्हाला नाही आवडणार’ हे शब्द कानावर आले की पत्ता लिहून घ्या.

ज्याला कमिशन मिळत नाही आणि ज्याला रोज बाहेर खावं लागतं त्याला विचारा: औषधाच्या दुकानातला माणूस, बँकेचा सुरक्षारक्षक, केस कापणारा, बाजारातला भाजीवाला. भाजीवाल्याला तर कुठलं हॉटेल रोज सकाळी काय उचलतं हेही ठाऊक असतं. टॅक्सीवाल्याला विचारायचं असेल तर जागा नको, ‘तुमच्या रात्रपाळीचे लोक कुठे थांबतात’ ते विचारा. आणि दोन अनोळखी माणसांनी एकच नाव घेतलं की पुढे चौकशी बंद, निघा.

दाराबाहेरची पाच मिनिटं

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. आत जायच्या आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघायचं.

हे मला मावशीने शिकवलं. आम्ही दोघं एका अनोळखी शहरात, शेजारी शेजारी दोन हॉटेलं, दोन्ही भरलेली. मी लगेच पहिल्याकडे निघालो तर तिने बाही धरली. “थांब रे. लोक बघू नकोस, ताटं बघ.” बघितलं. पहिल्या हॉटेलात प्रत्येकासमोर वेगळा पदार्थ होता, सगळे फोटो काढत होते आणि अर्धी ताटं तशीच परत जात होती. दुसऱ्यात दहापैकी सात टेबलांवर एकच वाडगा होता आणि परत जाणारे वाडगे पुसून घेतल्यासारखे. “तो वाडगा कशाचा आहे ते मला माहीत नाही,” मावशी म्हणाली, “पण आपण तोच मागवायचा.”

ताटांनंतर माणसं. एकटा बसून पेपर वाचत जेवणारा माणूस ही माझी आवडती खूण. त्याला इथे कोणी मिरवायला आणलेलं नाही. कामाच्या कपड्यांतली माणसं, आजी-नातू एकाच टेबलावर, मेन्यूकार्ड न उघडता ऑर्डर देणारे, वेटरशी नावाने बोलणारे, हे सगळं चांगलं. नुसती रांग बघून भुलू नका. रांगेतले सगळे फोन समोर धरून उभे असतील तर ती गेल्या आठवड्यातल्या एखाद्या व्हिडिओची रांग असू शकते.

मग मेन्यू. छोटा मेन्यू, हाताने लिहिलेला फळा, खोडून टाकलेला एखादा पदार्थ, हे दिसलं की मला धीर येतो. खोडलंय म्हणजे तो संपलाय, संपलाय म्हणजे ताजा होता. जिथे चार देशांचं जेवण आणि शंभर पदार्थ मिळतात तिथे त्यातले बहुतेक फ्रीजरमधून येणार, दुसरा उपायच नसतो. एक अपवाद सांगायला हवा: मेन्यूत दुसरी भाषा किंवा फोटो असणं हा काही गुन्हा नाही. फोटो लावलेली उत्तम हॉटेलंही असतात. पण बाहेर उभा राहून बोलावणारा माणूस असलेलं चांगलं हॉटेल मी अजून पाहिलेलं नाही.

आणि नाक वापरा. जुन्या, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा वास दारापर्यंत येतो. तो आला की पुढचं काही तपासायची गरज नाही.

पोट बिघडू नये म्हणून

हॉटेल दिसायला साधं आहे की पॉश, यावर पोटाचं आरोग्य ठरत नाही. ठरतं ते तापमानावर आणि वेळेवर. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम सोपे आहेत: अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला शिजलेलं असावं, शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे फार वेळ राहू नये, बाहेरच्या हवेत दोन तासांहून जास्त तर नाहीच. म्हणून डोळ्यांसमोर कढईतून ताटात आलेला पदार्थ रस्त्यावरचा असला तरी बहुधा ठीक असतो, आणि पॉश बुफेतलं कोमट भांडं धोक्याचं असतं. ज्या जागी खप जास्त, तिथे अन्न पडून राहत नाही. गर्दीचा हा दुसरा फायदा. कच्चं आणि शिजलेलं एकाच फळीवर, एकाच सुरीने कापलं जात असेल तर उठा.

काही ठिकाणी सरकारच तुमच्यासाठी तपासून ठेवतं. न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून हॉटेलच्या दर्शनी भागात ए, बी, सी अशी श्रेणी लावावी लागते, डेन्मार्कमध्ये २००१ पासून हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पद्धत आहे, इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ० ते ५ असे गुण असतात. हे गुण स्वच्छतेचे, चवीचे नव्हेत, एवढं लक्षात ठेवा.

आत बसल्यावर

सगळं एकदम मागवू नका. जो पदार्थ सगळीकडे दिसतोय तो एक मागवा, तो आला की पुढचं ठरवा. मेन्यू वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा भाषांतर करतो. त्या भाषेचा पॅक आधीच उतरवून ठेवा, कारण आतल्या गल्लीत नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. कॅमेऱ्याचं भाषांतर अधूनमधून हास्यास्पद असतं. त्यापेक्षा शेजारच्या टेबलावरच्या ताटाकडे नम्रपणे बोट दाखवलेलं बरं. त्याने कोणी रागावत नाही, उलट तो शेजारीच कसं खायचं ते दाखवायला लागतो.

शाकाहारी असाल किंवा ॲलर्जी असेल तर बोट दाखवून भागत नाही. ‘शाकाहारी’ या एका शब्दावर विसंबू नका. अनेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘मांसाचे तुकडे नाहीत’ एवढाच घेतात आणि रस्सा हाडांचा किंवा मासळीचा असतो. काय चालत नाही ते एकेक करून स्थानिक भाषेत कागदावर लिहून न्या: मांस नको, मासे नको, अंडं नको, त्यांचं पाणी-रस्सा-चरबीही नको. तो कागद वेटरला नाही, आत आचाऱ्याला दाखवायला सांगा. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांना १४ ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, तेव्हा तिथे विचारायला संकोच नको. गंभीर ॲलर्जी असेल तर समजल्यासारखी मान हलवणाऱ्या वेटरपेक्षा, ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा आणि दुसरीकडे जा.

बिलाचं थोडक्यात. न मागवता टेबलावर आलेल्या वस्तूचे पैसे पडतात का ते खाण्याआधी विचारा. सेवाशुल्क आधीच लावलंय का ते बघून मगच टिप ठेवा. परदेशात कार्डाचं मशीन ‘तुमच्या चलनात पैसे घेऊ का’ असं विचारतं, तेव्हा नको म्हणा आणि स्थानिक चलनच निवडा. तुमच्या चलनाच्या पर्यायातला विनिमय दर जवळपास नेहमीच तुमच्या तोट्याचा असतो. आणि लहान जागांसाठी सुटे पैसे जवळ ठेवा.

मुक्काम तीन दिवसांचा असेल तर

रोज नवी जागा शोधायचा हट्ट धरू नका. पहिल्या दिवशी दोन-तीन ठिकाणी थोडं थोडं खा. जे आवडलं तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, शक्यतो त्याच वेळी. दुसऱ्यांदा आलेल्या परक्या माणसाशी हॉटेलवाला वेगळं वागतो. मेन्यूवर नसलेलं काही आज झालंय का, हे तेव्हा विचारता येतं आणि त्याच्याच तोंडून आणखी एका जागेचं नावही निघतं, कारण हॉटेलवालेही सुट्टीच्या दिवशी कुठेतरी जेवतातच.

परतीच्या दिवशी मात्र प्रयोग नको. पुढे आठ तासांचा प्रवास असताना अनोळखी जागी खायची हौस मी एकदा केली आहे आणि तो प्रवास बसच्या ड्रायव्हरलाही आठवत असेल. त्या दिवशी आधी जिथे जेवून पोट शांत राहिलं तिथेच जा, शिजलेलं आणि गरम खा, आणि निघायच्या निदान तीन तास आधी जेवण आटपा.